थंडी बाटली

“बाटल्या बर्फातून काढा आणि तशाच लावा! नाहीतर आपली जीप घ्या अन् चालत्या व्हा!”

बापूराव ढवसांनी हे वाक्य ओसरीतून असं फेकलं की अंगणातल्या निंबावरचे कावळे उडाले. मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या पैनगंगेकाठी कावळा उडत नाही, चोच वासून बसून राहतो. तरी उडाले. त्यातला एक हवेतच भाजून खाली पडला, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. आज तेवढं सोडून देतो, कारण बाकीची गोष्ट खरी आहे आणि तिला कावळ्याची गरज नाही.

बापूराव ज्यांच्यावर ओरडले त्या डॉक्टर जगदाळेबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. साताऱ्याकडच्या. वयानं लहान, उंचीनं त्याहून लहान. नुकत्याच आमच्याकडे बदलून आलेल्या. हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले होते, आणि ते रक्त माझ्या बहिणीचं होतं.

मी लटारी निखाडे. तेव्हा मांगळीच्या सरकारी दवाखान्याची जीप चालवायचो. धाकटी बहीण पंचफुला कोरपाळ्याच्या ढवसांच्या घरी दिलेली. त्या सकाळी तिचं बाळंतपण घरीच झालं. मुलगी झाली, तीही अशी खणखणीत रडणारी की शेजारच्या वाडीत बैल बुजले. पण आईचं रक्त थांबेना. निरोप आला तसा मी बाईंना जीपमध्ये घातलं आणि गाडी अशी हाणली की वाटेतल्या नाल्यात चाकं टेकलीच नाहीत. बाईंनी आल्याआल्या पंचफुलेचं पोट दाबून, चोळून, इंजेक्शन देऊन रक्त थांबवलं. सोबत सलाईनची एकच बाटली होती. हगवणीच्या साथीनं दवाखान्यातल्या बाकीच्या संपवल्या होत्या. ती बाटली लावली, आणि आता तीही तळाला आली होती.

पंचफुला खाटेवर पांढरीफटक पडली होती. डोक्यावरचे पत्रे उन्हानं तडतडत होते, माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, आणि ती दातांवर दात आपटत पुटपुटत होती, “भाऊ, थंडी वाजते.”

तिची सासू गिरजामाय बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. हे ऐकलं आणि तिनं कपाळावर हात मारला. “ऊन लागलं वो पोरीले! आत गेलं ऊन!”

झालं. शब्द खोलीतून ओसरीत गेला, ओसरीतून अंगणात, आणि अंगणात जमलेल्या सगळ्या गावानं माना डोलावल्या.

आमच्याकडे अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की मृग लागेपर्यंत जे काही बिघडतं ते उन्हानंच बिघडतं. माणूस पडला, ऊन लागलं. बैल बसला, ऊन लागलं. नवऱ्यानं बायकोला मारलं तरी सासरा म्हणतो, जावयाच्या डोक्यात ऊन चढलं असेल. आणि उन्हावर पूर्वी कांदा आणि कैरीचं पन्हं असायचं, त्याच्या जागी त्या दोन-चार वर्षांत आली होती थंडी बाटली.

ती आणली खुशालराव कंपाउंडरनं. हा बाजाराच्या गावात कुणा डॉक्टरकडे बाटल्या धुवायचा. डॉक्टर गेले, खुशालराव डॉक्टर झाला. त्या भागातला पहिला फ्रिज त्याच्याकडे. त्यात तो सरबताच्या बाटल्यांशेजारी सलाईनच्या बाटल्या ठेवायचा. कडक उन्हात तापून गेलेला माणूस त्याच्या बाकावर झोपला, सुई टोचली आणि तो गारवा दंडात चढायला लागला की माणूस डोळे मिटून म्हणायचा, “आहाहा, डॉक्टर!” थेंबथेंब, दुपारभर. लोक बैलगाड्या जुंपून यायचे. वरातीआधी नवरदेवाला थंडी बाटली लावायची पद्धत निघाली होती. एका लग्नात व्याह्यानं ती मानपानात मागितली आणि मिळाली नाही म्हणून पंगत उठली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, पंगत पाहिली आहे.

आमचे बापूराव म्हणजे थंड्या बाटलीचे सगळ्यात मोठे भक्त. माजी सरपंच माणूस, खुशालरावाच्या बाकावर कुठं झोपणार? ते बाटल्या घरी मागवायचे. पत्र्याच्या पेटीत भुसा, भुशात बर्फ, बर्फात बाटल्या. निंबाखाली खाट टाकायची, फांदीला बाटली टांगायची आणि तिथूनच गावाचे तंटे मिटवायचे. कोणी भेटायला आलं की मधुकर, म्हणजे त्यांचा मुलगा, पंचफुलेचा नवरा, आमच्या घरचा जावई, हळू आवाजात सांगायचा, “थांबा जरा. बापूजी बाटलीवर आहेत.”

त्या दिवशीही पेटीत तीन बाटल्या होत्या. बाईंनी त्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. पण त्यांनी काय केलं, तिन्ही बाटल्या उचलल्या, धावत अंगणात गेल्या आणि माझ्या जीपच्या बॉनेटवर उन्हात मांडून ठेवल्या. त्या बॉनेटवर पापड भाजला असता. बापूरावांनी ते पाहिलं, दोन माणसं पाठवली, आणि बाटल्या परत बर्फात गेल्या. मग ते वाक्य बोलले, आणि कावळे उडाले.

“बापूराव, हे बघा,” जगदाळेबाई म्हणाल्या, “सुनेला ऊन लागलेलं नाही. तिचं रक्त गेलंय. म्हणून तिला थंडी वाजतेय.”

“मेच्या महिन्यात थंडी? बाई, तुमच्या साताऱ्यात वाजत असन.”

अंगणात हशा पिकला.

“जेवढं रक्त उरलंय तेवढं शरीरानं हातापायांतून काढून काळजाभोवती गोळा केलंय. हात लावून बघा, पाय बर्फासारखे आहेत. आता तिला बाटली हवी, आणि धारेनं हवी. बर्फातली बाटली धारेनं सोडली तर ते पाणी थेट काळजात जाईल. काळीज गारठलं की ठोके अडखळतात, मंद होतात, मग बंद पडतात. आणि गार पडलेलं रक्त गोठत नाही. आत्ता कुठं थांबलंय ते पुन्हा वाहायला लागेल.”

“मी दर उन्हाळ्यात घेतो,” बापूरावांनी छातीवर थाप मारली. “माझं नाही थांबलं काळीज?”

“तुमच्या अंगात भरपूर गरम रक्त आहे. बाटली जाते थेंबथेंब, दुपारभर. उकळत्या आंधणात लोटीभर गार पाणी ओतलं तर आंधणाला काय होतंय? हिच्या अंगात आंधणच उरलं नाही.”

मला वाटलं, पटलं. मलाही तिथंच पटलं होतं, आणि मी सातवी नापास. पण बापूरावांना पटवायचं म्हणजे आधी त्यांना ऐकून घ्यावं लागलं असतं.

“माझ्या घरची सून, माझ्या पेटीतल्या बाटल्या. लावायच्या तर थंड्याच लावायच्या. तापवून लावून पोरगी मेली तर गाव माझ्या तोंडात शेण घालन.”

“मग मी तिला तशीच घेऊन जाते जिल्ह्याला.”

“न्या ना.”

बाई अंगणात माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “निखाडे, बाटलीशिवाय हलवली तर नाल्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही ती.”

मी मधुकरकडे पाहिलं. तो खांबाला टेकून स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता. वाईट नव्हता तो. पण बापासमोर त्याच्या घशातून आवाजच फुटायचा नाही.

आता इथं एक सांगायला पाहिजे. मी त्या घरात दोन नात्यांनी उभा होतो. सरकारी ड्रायव्हर म्हणून मला तोंड होतं. पोरीकडचा माणूस म्हणून नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या ओसरीत मी कधी पाटावर बसलो नव्हतो. पाट त्यांचा, जमीन माझी. दिवाळीला बहिणीला न्यायला यायचो तर दुपारपर्यंत बाहेर थांबायचं, मग ते म्हणायचे, “या वर्षी नाही पाठवत,” आणि मी म्हणायचो, “बरं बापूजी.” आंबे आणले तर म्हणायचे आंबट आहेत. मी म्हणायचो, “हाव, आंबट आहेत.” आमच्या झाडाचे आंबे, साखरेचे खडे! पण पोरीकडचा माणूस आंबट म्हणतो. बहिणीचं सुख त्या ‘हाव’वर टांगलेलं असतं.

खोलीतून पुन्हा आवाज आला. “भाऊ...” पुढचं काही ऐकू आलं नाही.

“बापूजी,” मी म्हणालो, “बाई सांगतात तसंच होईन.”

गिरजामायनं तोंडाला पदर लावला.

“कोण बोललं?” बापूरावांनी विचारलं. मी समोरच उभा होतो.

“मी बोललो. लटारी.”

“पोरीकडचा माणूस माझ्या ओसरीत आवाज चढवून राहिला?”

“ओसरीत कुठं, मी अंगणात आहो. म्हणाल तर येतो ओसरीत.” आणि मी चढलो. चपला घालून चढलो. नुसता चढलो नाही, त्यांचा पाट पायानं ओढला आणि त्यावर बसलो. पाट कसा लागतो ते तेव्हा कळलं. फार काही नाही, साधं लाकूड आहे.

“लटारी!” बापूरावांचा आवाज फाटला. “उठ बे!”

“उठतो. पण एक बोलतो. तुम्ही म्हणता थंडी बाटली चांगली. बाई म्हणतात काळीज बंद पाडते. भांडता कायले? मले लावा. मी हा असा रेडा, अंगात रक्त तुडुंब. माझ्यावर पाहा. मी हसत उठलो तर बाकीच्या दोन थंड्याच लावा माझ्या बहिणीले, मी जन्मात तोंड उघडणार नाही.”

“अन् नाही उठला तर?”

“तर तुम्ही उघडू नका.”

एवढं बापूरावांना त्या गावात कोणी बोललं नव्हतं. पण मी त्यांना बरोबर पकडलं होतं. नाही म्हणाले असते तर गावासमोर कबूल झालं असतं की थंड्या बाटलीचा त्यांनाच भरवसा नाही.

“लावा ह्याले,” ते बाईंना म्हणाले. “माझ्याच खाटेवर झोपवा.”

“फक्त तुम्ही घेता तशी थेंबथेंब नाही,” मी म्हणालो. “रक्त गेलेल्या बाईले लावतात तशी. धारेनं.”

“निखाडे, डोकं ठिकाणावर आहे का?” जगदाळेबाई पुढं आल्या. “तिला बाटल्या पुरत नाहीत आणि तुम्ही एक—” मग त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि चेहरा असा कोरा केला जसा नुकताच धुतलेला फळा. “बरं. झोपा.”

निंबाखाली खाट आलीच होती. बर्फाची पेटी खाटेला लावून ठेवली, बापूरावांची रीतच ती. बाईंनी एक बाटली काढून फांदीला टांगली आणि ओलं फडकं तिच्याभोवती गच्च गुंडाळलं, खाली नळीपर्यंत. “गार राहायला,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. बापूरावांनी मान डोलावली. ही बाई आता शिकतेय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. सुई टोचली, पट्टी चिकटवली, फडक्यात हात घालून काहीतरी फिरवलं, आणि त्या आत निघून गेल्या.

सगळा गाव माझ्याभोवती. माणसं खाटेच्या चहूबाजूंनी, पोरं निंबावर, म्हातारे पुढं. मला नवरदेवासारखं वाटायला लागलं.

“कसं वाटते बे?” बापूराव वाकून म्हणाले.

“गोड वाटून राहिलं, बापूजी.”

“पाहा!” ते वळून ओरडले. “गोड वाटते म्हणते!”

पहिला गारवा मनगटातून शिरला तो एखाद्या ओल्या दोऱ्यासारखा. दोरा कोपराशी आला. मग दंडात. मग खांद्यावरून वळला आणि छातीकडे उतरायला लागला. मी डोळे मिटले. माझा खालचा ओठ आधी हलला.

“का रे?” कोणीतरी विचारलं.

“काही नाही. ज-ज-जरा वारा सुटला वाटते.”

“वारा? पान हलून नाही राहिलं.”

मग दात वाजायला लागले. आधी हळू, मग असे की निंबावरची पोरं हसायला लागली. मी म्हणालो, “गो-गो-गोधडी आणा वो.” त्या उन्हात, जिथं माणसं अंगातली बंडी काढून पिळत होती, तिथं मी गोधडी मागत होतो. लोक खो खो हसले. कुणीतरी गंमत म्हणून आणून टाकली. मी म्हणालो, “आणखी.” दुसरी टाकली. तिसरी टाकली तेव्हा हसू थांबलं. खाट हलायला लागली होती.

गावचा म्हातारा कोतवाल खाली वाकला, गोधडीतून माझा मोकळा हात बाहेर ओढला आणि एकदम सोडून दिला. “अरे बाप्पा! मढ्यासारखा गार आहे हात!”

“दाखव,” बापूराव म्हणाले. त्यांनी हात धरला आणि विस्तव लागल्यासारखा मागं घेतला.

“लटारी, कुठपर्यंत आली थंडी?”

“काळजाच्या दा-दारात उभी आहे, बापूजी. आत येऊ का म्हणते.”

“येऊ देऊ नको!” गिरजामाय दारातून किंचाळली.

“माझं कुठं ऐकते ती... एक ठोका पडला... दुसरा... दुसरा कुठं गेला?”

आता कोणी हसत नव्हतं. सगळे डोळे माझ्यावर होते, इतके की माझ्या डोक्यामागून मधुकर आला, पेटीतल्या उरलेल्या दोन बाटल्या “गर्दीत फुटतीन” असं पुटपुटत उचलल्या आणि जीपकडे चालत गेला, ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यानं त्या बॉनेटवर ठेवल्या, उलटवल्या, गालाला लावून पाहिल्या, पुन्हा ठेवल्या. बाप दहा पावलांवर उभा असताना. मी त्या माणसाला त्याआधी जावई म्हणून मान देत होतो, त्या क्षणापासून मनातून दिला.

तो बाटल्या पोटाशी धरून खोलीकडे गेला. त्यांचा आतला वेळ मला बाहेरून भरायचा होता. मी डोळे पांढरे केले. दातांचा आवाज थांबवला. दातांचा आवाज थांबणं हे वाजण्यापेक्षा वाईट असतं.

“लटारी?” बापूराव म्हणाले. “ए लटारी! बोल बे काही!”

मी बोललो नाही.

“काढा ते!” गिरजामाय बाळ घेऊन अंगणात आली. “पोरीचा भाऊ मरून राहिला माझ्या दारात! काढा म्हणते ना!”

“बाई!” बापूराव ओरडले. “ओ बाई, या ना लवकर!”

जगदाळेबाई बाहेर आल्या. धावत नव्हे, चालत. “काय झालं?”

“बाटली काढा ह्याची!”

“का? थंडीच आहे. तुम्हीच म्हणालात तशीच लावा.”

“बाई, हात जोडतो.”

“मग आत कोणती लावू?”

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. गाव ऐकत होतं. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या टोकावरून टपकला. “गरम लावा,” ते म्हणाले. “उकळून लावा, पण लावा.”

“उकळून नाही. अंगाएवढी. लावलीय मघाशीच.”

त्यांनी माझी सुई काढली, फडक्यासकट बाटली काखेत मारली आणि म्हणाल्या, “निखाडे, उठा. गाडी काढा.” मी गोधड्यांतून उठलो ते पाहून कोतवाल दोन पावलं मागं सरकला. “बाईचा गुण आहे,” तो म्हणाला.

पंचफुलेला मागच्या बाकावर झोपवलं. मधुकर उभा राहून टपाच्या दांडीला बाटली धरून होता. गिरजामाय बाळासकट शेजारी. बापूराव म्हणाले, मी येणार. बाई म्हणाल्या, “या. पण रिकाम्या हातानं नाही,” आणि दुसरी ऊबदार बाटली त्यांच्या बंडीत पोटाशी खुपसली. “अंगाची ऊब लागू द्या. वाऱ्यावर धरू नका.” जिल्ह्याकडे जाणारा तो रस्ता म्हणजे भट्टीचं तोंड. बापूराव पोटाशी गरम बाटली कवटाळून बसले होते आणि मला आरशात दिसत होते. मी मुद्दाम आरसा जरा त्यांच्याकडे वळवला.

नाला ओलांडला तेव्हा वरची बाटली संपली. बाईंनी बापूरावांच्या पोटाशी धरलेली लावली आणि फडक्यात गुंडाळलेली तिसरी त्यांच्या हातात दिली. “आता ही धरा.”

“ही कोणती?” बापूरावांनी फडकं सोडलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. “बाई, ही तर लटारीले लावली होती.”

“हो.”

“ही भरून कशी?”

“नळीवरचं चाक बंद होतं,” बाई पंचफुलेची नाडी धरून म्हणाल्या. “पहिले दोन-चार थेंब गेले असतील. तिला पुढच्या वाटेला बाटली लागणार होती. नळी बदलीन मी.”

गारव्याचा तो दोरा खरं म्हणजे कोपराशीच थांबला होता. पुढं दंड, खांदा आणि काळीज मी स्वतः चालत गेलो.

“अन् हात?” बापूरावांचा आवाज घोगरा झाला. “हात तर गार होता तुझा. मी धरला!”

“खाटेपलीकडून पेटीत होता, बापूजी. तुमच्या बर्फात. गोधडीमुळं दिसला नाही.”

“म्हणजे तू मरून राहिला होता ते—”

“मन लावून मरत होतो.”

मधुकर एकदम खोकला. खोकला नव्हता तो.

“फसवलं!” बापूरावांनी बाकावर मूठ आपटली. “मले! माझ्या निंबाखाली, माझ्या गावासमोर! थांबव गाडी!”

“नाही थांबत.”

“मी सांगतो ना, थांबव! उतरवतो सुनेले! माझ्या घरची आहे ती, मी ठरवीन कुठं न्यायची!”

“ओसरी मागं राहिली, बापूजी. ही जीप सरकारची आहे आणि चालवतो मी. तुम्हाले उतरायचं तर उतरा, बाटली ठेवून उतरा. गाडी मात्र थांबणार नाही.”

“मधुकर! सांग ह्याले!”

मधुकरनं वर धरलेला हात बदलला. “बापूजी,” तो म्हणाला, “हळू बोला. ती झोपली आहे.”

बापाला आयुष्यात पहिल्यांदा बोललेलं त्याचं ते वाक्य. बापूराव तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिले, मग ते तोंड माझ्याकडे वळलं, आणि आता काहीतरी भयंकर बाहेर पडणार एवढ्यात मागून बारीक आवाज आला.

“भाऊ.”

“काय गं?” मी म्हणालो. मान वळवायची हिंमत झाली नाही. रस्ताही खराब होता.

“गोधडी काढ ना अंगावरची.” ती थोडं थांबली. दम लागला होता तिला. “केवढं उकडते.”

जगदाळेबाईंनी पंचफुलेच्या तळपायाला हात लावला, मग दुसऱ्या पायाला, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. गिरजामाय गोधडी ओढता ओढता रडायला लागली. बाळानंही सूर धरला. मला आरशात धूसर दिसायला लागलं. धूळ फार होती.

बापूराव हातातल्या बाटलीकडे बघत होते. मग बंडीची बटणं सोडली, ती बाटली उघड्या पोटाशी धरली आणि तिच्या गारव्यानं असे आखडले की डोळे गच्च मिटले गेले. पण काढली नाही.

“लटारी,” थोड्या वेळानं ते डोळे न उघडता म्हणाले, “हाण ना गाडी. थांबला कायले?”

मी थांबलोच नव्हतो. पाय केव्हाचा पूर्ण दाबलेला होता.